मुंबईत नोकरीला येताय? आधी लाइन ठरवा, मग खोली

निकाल लागले, कॅम्पसच्या मुलाखती संपल्या की गावाकडून फोन यायला लागतात. ‘दादा, मुंबईला नोकरी लागलीय, सोमवारी हजर व्हायचंय. खोली कुठं बघू?’ मी उलट विचारतो, ऑफिस कुठल्या स्टेशनजवळ आहे? बहुतेकांना ते सांगता येत नाही. ऑफर लेटरवर ‘मुंबई’ लिहिलेलं असतं आणि प्रत्यक्षात ऑफिस निघतं ऐरोलीला, नाहीतर अंधेरीला, नाहीतर लोअर परळला. चुलतभाऊ नालासोपाऱ्याला राहतो म्हणून पोरगा तिथं उतरतो आणि रोज ऐरोलीला जायला लागतो. महिन्याभरात त्याची तब्येत उतरते आणि ‘आपल्याला हे शहर जमणार नाही’ असं त्याच्या मनात बसतं. शहर जमलं असतं, पण खोली चुकीच्या लाइनवर घेतली गेली. म्हणून हा लेख. तालुक्याच्या गावातून पहिल्यांदाच मुंबईत राहायला येणाऱ्यांनी काय काय करायचं आणि कोणत्या क्रमानं, ते सांगतो.

निघण्याआधी

कंपनीला मेल करून ऑफिसचा पूर्ण पत्ता आणि जवळचं स्टेशन विचारून घ्या. कामाच्या वेळा, शिफ्ट आहे का, गाडीची सोय आहे का, हेही त्याच मेलमध्ये विचारा. रात्रपाळी असेल तर घराचं गणितच वेगळं होतं, कारण रात्री साधारण एक ते चार या वेळेत लोकल बंद असतात.

कागदपत्रांच्या दोन-दोन झेरॉक्स, पासपोर्ट साइज फोटो आणि सगळ्याचं स्कॅन फोनमध्ये ठेवा. डिजिलॉकर चालू करून घ्या. मूळ गुणपत्रिका आणि डिग्री मात्र कुणाच्याही ताब्यात देऊ नका. पडताळणीसाठी दाखवायच्या आणि तिथल्या तिथं परत घ्यायच्या. ‘ओरिजिनल जमा करा, नोकरी सोडताना मिळतील’ असं सांगणाऱ्या ठिकाणी थांबू नका.

आता पैसे. पहिला पगार महिना भरल्यावर येतो आणि खर्च पहिल्या दिवसापासून सुरू होतो. एक हिशोब मांडून दाखवतो, आकडे समजुतीसाठी आहेत. तिघांनी मिळून २१,००० रुपये भाड्याची जागा घेतली, डिपॉझिट ६०,००० आणि दलाली एक महिन्याचं भाडं. म्हणजे प्रत्येकी भाडं ७,०००, डिपॉझिट २०,००० आणि दलाली ७,०००. आत पाऊल टाकण्याआधीच ३४,००० रुपये गेले. त्यात जेवण, पास, गादी, बादली धरा. हा हिशोब आई-वडिलांसमोर आधीच मांडा. मुंबईत पोचल्यावर तिसऱ्या दिवशी फोन करून पैसे मागायची वेळ आली की घरचेही घाबरतात आणि तुम्हीही मिळेल ती खोली घेऊन मोकळे होता.

आणखी एक गोष्ट गावाकडून येणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. लांबच्या गाडीनं येताना शेवटच्या स्टेशनपर्यंत जायची गरज नसते. विदर्भ, देवगिरी यांसारख्या गाड्या कल्याण, ठाणे, दादरला थांबतात. मुक्काम डोंबिवलीला असेल तर सामान घेऊन सीएसएमटीला (छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस) जाऊन परत यायचं काहीच कारण नाही.

लाइन म्हणजे काय

मुंबईत माणूस कुठल्या भागात राहतो याआधी तो कुठल्या लाइनवर राहतो हे विचारतात, आणि त्याला कारण आहे. इथलं सगळं आयुष्य रेल्वेच्या तीन धाग्यांवर चालतं.

पश्चिम रेल्वे चर्चगेटहून दादर, वांद्रे, अंधेरी, बोरिवलीवरून विरारला आणि पुढे डहाणू रोडपर्यंत जाते. मध्य रेल्वे सीएसएमटीहून दादर, कुर्ला, घाटकोपर, ठाणे, डोंबिवली करत कल्याणला पोचते आणि तिथं फुटते, एक फाटा कसाऱ्याला, दुसरा बदलापूर-कर्जतकडे. हार्बर लाइन सीएसएमटीहून वडाळा, कुर्ला, चेंबूरमार्गे वाशी, बेलापूर, पनवेलला जाते आणि वडाळ्यावरून तिचा एक फाटा वांद्रे-अंधेरी-गोरेगावकडे वळतो. याशिवाय ठाण्याहून ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे करत वाशी-पनवेलकडे जाणारी ट्रान्सहार्बर आहे.

या लाइन उत्तर-दक्षिण धावतात. आडवं जायचं म्हटलं की गाडी बदलावी लागते आणि खरा वेळ तिथं जातो. पश्चिम आणि मध्य जोडायला दादर, मध्य आणि हार्बर जोडायला कुर्ला, मध्य आणि ट्रान्सहार्बर जोडायला ठाणे. मेट्रोमुळे हे आडवं जाणं थोडं सोपं झालंय. २०१४ मध्ये सुरू झालेली वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर ही पहिली मेट्रो आजही त्यासाठी सगळ्यात उपयोगाची. आता आरे ते कफ परेड अशी भुयारी मेट्रोही आहे आणि ती सीप्झ (अंधेरीची औद्योगिक वसाहत), विमानतळ, बीकेसीवरून (वांद्रे-कुर्ला संकुल) जाते.

मग ऑफिसवरून लाइन ठरवा. ऐरोली, घणसोली, महापेला ऑफिस असेल तर ठाणे, कळवा, डोंबिवली किंवा सरळ कोपरखैरणे-घणसोली बघा. पवईला असेल तर कांजूरमार्ग, विक्रोळी किंवा त्याच लाइनवर पुढे. बीकेसीसाठी कुर्ला किंवा वांद्रे गाठता येईल अशी जागा. अंधेरी पूर्वेला असेल तर पश्चिम रेल्वेवर कुठंही, किंवा मेट्रोमुळे घाटकोपरच्या बाजूला. लोअर परळची सोय जरा चांगली आहे, कारण पश्चिमेचं प्रभादेवी आणि मध्यचं परळ ही स्टेशनं पुलानं जोडलेली आहेत.

माझं ठाम मत असं: पहिल्या वर्षी एकच लाइन, एकही बदल नाही, अशी जागा घ्या. त्यासाठी खोली लहान मिळाली, दोन हजार जास्त गेले तरी चालेल. दादर किंवा ठाण्याच्या पुलावर सकाळी साडेआठला गाडी बदलण्यात जी शक्ती जाते ती नवीन नोकरीत लागणार असते.

अंतर किलोमीटरमध्ये मोजू नका, दारापासून दारापर्यंतच्या वेळात मोजा. घरातून निघून शेअर रिक्षाची रांग, स्टेशनचा जिना, गाडीची वाट, प्रवास, उतरल्यावर परत बस किंवा चालणं, हे सगळं धरून. ‘स्टेशनपासून पाच मिनिटं’ असं दलाल सांगतो तेव्हा ती पाच मिनिटं कशानं, हे विचारा.

आणि पूर्व की पश्चिम, हे कधीही विसरू नका. डोंबिवली पूर्व आणि डोंबिवली पश्चिम ही रुळांच्या दोन बाजूंची वेगळी गावं समजा. पत्ता लिहून घेताना हा एक शब्द राहिला की माणूस अर्धा तास भलत्याच बाजूला फिरतो.

पहिले पंधरा दिवस

पहिल्याच आठवड्यात अकरा महिन्यांचा करार करू नका. ऑफिसच्या जवळपास पीजीमध्ये किंवा कॉट बेसिसवर एक महिना काढा. कॉट बेसिस म्हणजे एका खोलीत दोन-चार जण, तुमचा पलंग आणि कपाटाचा एक खण तुमचा. एखाद्या महिन्यासाठी ते पुरतं. नातेवाइकांकडे राहणार असाल तर किती दिवस ते आधीच सांगा आणि तेवढेच राहा. इथं घरं लहान असतात. माया असूनही जागा नसते.

कोकणातल्या बऱ्याच गावांच्या मंडळांनी मुंबईत, विशेषतः गिरगाव-गिरणगावच्या चाळींत, गावकऱ्यांसाठी खोल्या ठेवल्या होत्या. काही अजून आहेत. तुमच्या गावाचं मुंबई मंडळ असेल तर तिथं चौकशी करा. मुलींनी नोकरदार महिलांच्या वसतिगृहांची चौकशी आधीपासून करावी, कारण तिथं प्रतीक्षा यादी असते.

या दिवसांत संध्याकाळी एकेका स्टेशनवर उतरून फिरा. रात्री नऊला रस्ता कसा दिसतो, दिवे आहेत का, दुकानं उघडी आहेत का, ते बघा. जी जागा मनात भरेल तिथून एकदा कामाच्या दिवशी सकाळी ऑफिसला जाऊन बघा. रविवारी केलेल्या चाचणीला अर्थ नाही. रविवारी मध्य आणि हार्बरवर मेगाब्लॉक (दुरुस्तीसाठी काही तास गाड्या बंद) असतो आणि गर्दीही वेगळी असते.

खोली बघताना

दलाल दार उघडतो, पंखा लावतो आणि ‘मोकळी हवा आहे’ म्हणतो. तुम्ही सरळ मोरीत जा आणि नळ सोडा. पाणी आलं तर विचारा, हे टाकीचं की थेट? नळाला पाणी किती वाजता येतं, किती वेळ येतं, एप्रिल-मेमध्ये काय होतं? सकाळी सहा ते सात असं उत्तर आलं आणि तुम्हाला साडेपाचची गाडी पकडायची असेल, तर पाणी कोण भरणार? शेजारच्या दारावर टकटक करून हाच प्रश्न परत विचारा. दोन उत्तरं जुळली तर पुढे बोला. शेजारीण मावशी जे सांगेल तेच खरं धरा.

मग छत बघा. शेवटच्या मजल्यावर कोपऱ्यात पिवळे डाग किंवा फुगलेला रंग असेल तर पावसात गळणार. ताजा रंग फक्त एकाच भिंतीला असेल तर त्यामागं ओल आहे. खिडकीखालून नाला जातो का, तेही बघा.

विजेचं मागचं बिल मागा. मुंबई शहरात बेस्ट, उपनगरात अदानी किंवा टाटा आणि कल्याण-डोंबिवली, वसई-विरारकडे महावितरण. बिलावरचा ग्राहक क्रमांक टाकून थकबाकी आहे का ते ऑनलाइन दिसतं. सबमीटर असेल तर एका युनिटला किती लावणार, हे आधीच ठरवा.

सोसायटीचे नियम आधी विचारा. अविवाहित मुलांना जागा देतात का, मांसाहारावर अडवणूक आहे का, रात्री गेट किती वाजता बंद होतं, पाहुणा चालतो का. डिपॉझिट दिल्यावर हे कळलं तर वाद तुमच्याच गळ्यात पडतो. मेंटेनन्स भाड्यात धरलाय की वेगळा, हेही.

‘हेवी डिपॉझिट’ नावाचा प्रकार ऐकायला येईल. एकरकमी काही लाख द्यायचे, महिन्याचं भाडं नाही आणि जाताना रक्कम परत. नवख्यानं यात पडू नये. एकच खोली तीन-चार जणांना दाखवून पैसे घेऊन पसार होण्याचे प्रकार यात घडलेले आहेत, आणि गावाकडची जमीन विकून आणलेली रक्कम असेल तर घर उद्ध्वस्त होतं.

करार

इथं घर भाड्यानं घेताना बहुतेक वेळा लीव्ह अँड लायसन्स करार होतो, साधारण अकरा महिन्यांचा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे हा करार लेखी आणि नोंदणीकृतच असावा लागतो आणि नोंदणी करण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. ‘अकरा महिन्यांचा आहे, नोंदणी लागत नाही, शंभरच्या स्टॅम्पवर करून टाकू’ असं कुणी म्हणालं तर ऐकू नका.

खर्चही फार नसतो. मुद्रांक शुल्क करारातल्या एकूण भाड्याच्या ०.२५ टक्के. वरच्या उदाहरणात अकरा महिन्यांचं भाडं २,३१,००० होतं, म्हणजे सहाशे रुपयांच्या आसपास. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये. वर एजंटची फी. एजंट घरी येऊन आधारवर अंगठे घेतो, नोंदणी व मुद्रांक विभागाच्या (आयजीआर) संकेतस्थळावर नोंदणी होते आणि पीडीएफ मिळतं. हा खर्च कुणी करायचा ते बोलून ठरवा, बऱ्याचदा अर्धा-अर्धा करतात.

सही करण्याआधी तीन कलमं हळू वाचा: नोटीस किती दिवसांची, लॉक-इन (ज्या काळात जागा सोडता येत नाही) किती महिन्यांचं, आणि डिपॉझिट कधी परत मिळणार. डिपॉझिट चाव्या देताना त्याच दिवशी परत, असं लिहून घ्या. रंगाचे पैसे कापणार असतील तर तेही आधीच लिहिलेलं हवं. डिपॉझिट आणि भाडं दोन्ही बँकेतून द्या आणि करारावर ज्याचं नाव आहे त्याच्याच खात्यात द्या. चावी मिळाल्या दिवशी प्रत्येक भिंतीचा, नळाचा, फरशीचा व्हिडिओ काढून मालकाला व्हॉट्सअॅपवर पाठवा. वर्षानं तोच कामी येतो.

भाडेकरूची माहिती पोलिसांना द्यायची असते, ती ऑनलाइन भरता येते. मालकाकडे तिची पोच मागून घ्या.

लोकल

पहिल्या दिवशी भीती वाटते, ती पंधरा दिवसांत जाते. पण काही गोष्टी आधीच माहीत हव्यात.

इंडिकेटरवर गाडी कुठं जाणार, जलद की धीमी, किती डब्यांची आणि किती मिनिटांत, हे सगळं येतं. जलद गाडी तुमच्या स्टेशनला थांबते का ते बघा. ठाण्यापुढे डोंबिवलीला जलद गाड्या थांबतात, पण शेजारच्या कोपर-ठाकुर्लीला बहुतेक थांबत नाहीत, आणि भाड्यातला फरक त्यामुळेही असतो. जिथून गाड्या सुटतात अशा स्टेशनजवळ राहिलात, म्हणजे बोरिवली, विरार, ठाणे, डोंबिवली, कल्याण, बदलापूर, पनवेल, तर निदान उभं राहायला नीट जागा मिळायची शक्यता वाढते.

जवळ जायचं असेल तर लांबच्या गाडीत चढू नका. अंधेरी-बोरिवलीला उतरणाऱ्यानं संध्याकाळी विरार फास्टमध्ये शिरलं की उतरताच येत नाही, आणि विरारच्या लोकांचंही चुकत नाही, त्यांना तीच एक गाडी असते.

आत शिरलात की पाठीवरची सॅक पोटावर घ्या. फोन पुढच्या खिशात. प्लॅटफॉर्म कुठल्या बाजूला येणार ते शेजाऱ्याला विचारा आणि दोन स्टेशनं आधीपासून दाराकडे सरका. पुढच्याला ‘ठाणे उतरणार?’ एवढं विचारायचं. तो मान हलवतो आणि तुम्ही त्याच्या मागं उभे राहता. ‘हो’ म्हणाला तर तुमचं काम झालं, ‘नाही’ म्हणाला तर त्याच्या पुढं जायचं. बसलेल्या माणसाला ‘कुठं उतरणार?’ विचारलं की ती जागा तुमची ठरते, मग दुसरं कुणी बसत नाही. तिघांच्या बाकावर चौथा माणूस टेकतो, त्याला जागा द्या. उद्या तुम्हालाही मिळते.

दारात लटकू नका आणि रूळ ओलांडू नका. पुढची गाडी चार-पाच मिनिटांत येते.

रोजच्या प्रवासाला पास काढा. तिमाही पास तीन मासिक पासांपेक्षा स्वस्त पडतो. साधा पास एसी लोकलला किंवा फर्स्ट क्लासला चालत नाही. गर्दीत चुकून फर्स्ट क्लासमध्ये शिरलात तरी दंड होतो, म्हणून डब्यावरचे पट्टे ओळखायला शिका. विनातिकीट सापडल्यास किमान २५० रुपये दंड आणि वर भाडं. मुलींनी रात्री उशिरा महिलांच्या अशा डब्यात बसावं जिथं पोलीस असतो. रेल्वेची मदत १३९ वर, बाकी कशासाठीही ११२.

रस्त्यावर म्हणाल तर रिक्षा पश्चिमेला वांद्र्यापर्यंत आणि पूर्वेला सायनपर्यंतच चालतात, त्याच्या दक्षिणेला टॅक्सी. फेब्रुवारी २०२५ पासून रिक्षाचं किमान भाडं २६ आणि टॅक्सीचं ३१ रुपये आहे. दोन्ही मीटरनं चालतात, भाव ठरवायची गरज नाही. बेस्टच्या बसचं किमान तिकीट मे २०२५ पासून १० रुपये, एसीचं १२.

जेवण आणि तब्येत

पहिल्या महिन्यात भांडी घेत बसू नका. दादर, गिरगाव, ठाणे, डोंबिवलीकडे पोळीभाजी केंद्रं गल्लोगल्ली आहेत आणि घरगुती डबा देणाऱ्या काकू प्रत्येक वस्तीत असतात. सुरुवातीला आठवड्याचे पैसे द्या, महिन्याचे नको. चव आणि वेळ जमली की पुढं. स्वयंपाक करायचा ठरलं तर पाच किलोचा छोटा सिलिंडर ओळखपत्रावर मिळतो, त्याला इथल्या पत्त्याचा पुरावा लागत नाही. खाजगी भरलेले बेकायदा सिलिंडर घरात आणू नका.

आजारी पडलात आणि ओळखीचा डॉक्टर नसेल तर महापालिकेचा ‘आपला दवाखाना’ शोधा, तिथं तपासणी आणि औषधं मोफत असतात. मोठ्या दुखण्याला परळचं केईएम, सायन, मुंबई सेंट्रलचं नायर, भायखळ्याचं जे. जे., पार्ल्याचं कूपर. रांग लांब असते, पण डॉक्टर उत्तम आहेत.

पावसाळा समजून घ्या. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता. तसा रोज पडत नाही, पण मोठा पाऊस आणि मोठी भरती एकाच वेळी आली की पाणी समुद्रात जायला जागाच उरत नाही. हिंदमाता, सायन, कुर्ला, अंधेरी आणि मिलन सबवे ही पाणी तुंबण्याची नेहमीची ठिकाणं. जून ते सप्टेंबर सकाळी भरतीची वेळ बघायची सवय लावा. साडेचार मीटरच्या वरची भरती आणि जोराचा पाऊस असेल तर लवकर निघा, नाहीतर ऑफिसातच थांबा. गुडघाभर पाण्यातून चालायचं धाडस करू नका, उघडं मॅनहोल दिसत नाही. पालिकेचा आपत्कालीन क्रमांक १९१६.

नोकरीच्या नावावर होणारी फसवणूक

नोकरी देण्यासाठी जो पैसे मागतो तो नोकरी देत नाही. ‘रजिस्ट्रेशन’, ‘ट्रेनिंग किट’, ‘लॅपटॉपचं डिपॉझिट’, नाव काहीही असो. घर न दाखवता ‘टोकन पाठवा, नाहीतर दुसऱ्याला देतो’ म्हणणाराही त्यातलाच. पैसे गेलेच तर लाज धरू नका, त्याच मिनिटाला १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. जितक्या लवकर कराल तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त.

जम बसल्यावर

करार झाला की त्यावर आधारचा पत्ता बदलता येतो. बँकेचं खातं बंद करू नका, शाखा बदलून घ्या. मतदार यादीत नाव इथं आणायचं असेल तर फॉर्म ८ भरा. घरच्यांचं रेशनकार्ड असेल तर तुमच्या वाट्याचं धान्य इथल्या रेशन दुकानातही आधारवर मिळू शकतं.

दिवसभर माणसांच्या गर्दीत असूनही सुरुवातीला कुणाशी बोलणं होत नाही, ते मनाला लागतं. त्याला उपाय म्हणजे रोज त्याच वेळेच्या गाडीला, त्याच डब्यात चढा. महिन्याभरात चेहरे ओळखीचे होतात, कुणीतरी जागा धरून ठेवतं. अभ्यास करायचा असेल तर अभ्यासिका शोधा. दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ पासूनचं आहे, तिथं जाऊन सभासद व्हा. शनिवारी-रविवारी खोलीत पडून राहू नका.

आणि गणपतीचं किंवा दिवाळीचं गावाकडचं तिकीट. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी सुरू होतं आणि सणाच्या गाड्या काही मिनिटांत भरतात. कॅलेंडरवर आजच तारीख मोजून खूण करा आणि आयआरसीटीसीच्या खात्याची आधार पडताळणी आधी करून ठेवा, तत्काळलाही ती लागते. आरक्षण हुकलं तर परळ, मुंबई सेंट्रल, कुर्ला नेहरूनगर आणि बोरिवलीहून एसटी सुटतात. सणाला एसटी जादा गाड्याही सोडते, त्यांचं बुकिंग कधी उघडतंय यावर लक्ष ठेवा.